मळ गेला कुठे? घरच्या घरी रेकॉर्ड धुताना

जुन्या नाशकातला मामांचा वाडा रिकामा करायला घेतला तेव्हा पोटमाळ्यावरून दोन पत्र्याच्या ट्रंका खाली आल्या. एकीत पितळेची भांडी, दुसरीत ग्रामोफोनच्या रेकॉर्ड. भांड्यांवर सगळ्यांचा हक्क निघाला, रेकॉर्डवर कुणाचाच नाही. त्यामुळे ती ट्रंक रिक्षात घालून मी गंगापूर रोडला घरी आणली. निम्म्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाच्या. निम्म्या विनाइल नावाच्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे मोठ्या एलपी आणि छोट्या ईपी. निघताना मामी म्हणाल्या, "नीट पुसून घे रे बाबा, चाळीस वर्षांची धूळ आहे त्यावर."

मी पुसल्या. ओलं फडकं घेऊन, गोल गोल, अगदी मनापासून. पहिली एलपी आरशासारखी चमकायला लागली. सुई ठेवली आणि तेल तापल्यावर मोहरी पडावी तशी तडतड सुरू झाली. पुसण्याआधी तीच रेकॉर्ड बरी वाजत होती.

हे असं का होतं ते कळायला रेकॉर्डच्या खाचेत उतरावं लागतं. एलपीच्या एका बाजूवर एकच सलग खाच असते, बाहेरून आत जाणारी. मिनिटाला ३३⅓ फेरे, बाजू २२ मिनिटांची, म्हणजे सुमारे ७३० फेरे. एका फेऱ्याचा घेर सरासरी ६५ सेंटिमीटर धरला तर ही खाच पावणेपाचशे मीटर लांब भरते. रुंदी मात्र जेमतेम ५०-६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसही त्या खाचेत नीट मावणार नाही. खाचेचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आणि गाणं तळाशी नसून दोन्ही भिंतींच्या नागमोडी वळणांत कोरलेलं असतं. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा.

आता यावर ओलं फडकं फिरवा. फडक्याचा धागा खाचेपेक्षा जाड, तो वरच्या वर सरकतो. वरची धूळ पाण्यात कालवली जाते, तिचा चिखल होतो आणि फरशीच्या फटीत पांढरं सिमेंट भरावं तसा तो खाचेत बसतो. पाणी उडून जातं, चिखल तिथेच वाळतो. वरून लख्ख, आतून लिंपलेली. मी नेमकं हेच केलं होतं.

तेव्हापासून रेकॉर्ड स्वच्छ करायची कुठलीही पद्धत, कितीही महागाचं यंत्र समोर आलं की मी एवढंच विचारतो: मळ गेला कुठे? सुटला हे ठीक, पण सुटून गेला कुठे? फरशी पुसताना बादलीतलं पाणी बदललं नाही तर घरभर तोच चिखल फिरतो, यावरून आई आम्हाला बोलायची. इथेही तेच आहे. मळ सोडवणं सोपं, बाहेर काढणं अवघड, आणि यंत्रांमधला फरक बहुतेक या दुसऱ्या कामातच असतो.

आधी हातातली वस्तू ओळखा

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण इथली चूक दुरुस्त होत नाही. ७८ ची जुनी रेकॉर्ड लाखेची असते, एलपी आणि ४५ ची ईपी विनाइलची. लाखेची रेकॉर्ड आकाराने लहान असूनही हाताला जड लागते, कडेला जाड असते आणि पडली तर कपबशीसारखी फुटते. विनाइल लवचिक असतं. कोलंबिया कंपनीने अमेरिकेत १९४८ साली विनाइलची एलपी बाजारात आणली, पण आपल्याकडे लाखेच्या रेकॉर्ड त्यानंतरही बरीच वर्षं निघत राहिल्या. त्यामुळे वाड्यातल्या ट्रंकेत दोन्ही एकत्र सापडणं अगदी स्वाभाविक आहे. लाखही आपलीच. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांची ही लाख इथून जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांना जायची.

आता वाड्यातल्या कुणालाही ठाऊक असलेली गोष्ट आठवा. फर्निचरला पॉलिश करायला येणारा कारागीर बाटलीत चपडा लाख आणि स्पिरिट घालून रात्रभर ठेवायचा. सकाळी लाख विरघळून मधासारखं पॉलिश तयार. म्हणजे स्पिरिट लाखेला विरघळवतं. हे मी लहानपणापासून पाहिलेलं आणि तरीही ट्रंकेतल्या एका ७८ वर बुरशीचा डाग दिसला तेव्हा मी कापसाच्या बोळ्याने त्यावर स्पिरिटच लावलं. बोळा काळा झाला. मला वाटलं, वा, काय मळ निघतोय! तो मळ नव्हता, ती रेकॉर्ड होती. रुपयाच्या नाण्याएवढा भाग कायमचा मंद, खरबरीत झाला.

तर लाखेवर स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सॅनिटायझर यांतलं काहीही नाही. एलपीसाठी म्हणून विकलं जाणारं तयार द्रावणही त्यात अल्कोहोल नाही याची खात्री झाल्याशिवाय नाही. लाखेच्या रेकॉर्डला साधं डिस्टिल्ड पाणी, त्यात साबणासारख्या पदार्थाचा अंश (त्याबद्दल पुढे), मऊ ब्रश, भरभर धुणं आणि लगेच टिपून कोरडं करणं. भिजत घालायची नाही, कारण लाखेत दगडाची पूड वगैरे भरताड असते आणि ती पाणी धरते. काही कंपन्यांच्या ७८ मध्ये तर आत कागदाचा थर असायचा. अशी रेकॉर्ड तडकलेली असेल आणि फटीतून पाणी शिरलं तर ती फुगते. तडा गेलेल्या रेकॉर्डला पाणी लावूच नका, कोरड्या ब्रशवर समाधान माना.

कोरडी झाडलोट आणि थंडीतली वीज

रोज वाजवायच्या रेकॉर्डला धुवायची गरज नसते. तिला लागतो कार्बन फायबरचा ब्रश. हे तंतू ७ ते १० मायक्रॉन जाडीचे, म्हणजे खाचेत सहज उतरतील असे. साध्या टूथब्रशचा केस १५०-२०० मायक्रॉनचा, तो खाचेच्या कडांवरच नाचतो. रेकॉर्ड फिरत असताना ब्रश हलकेच टेकवायचा, दोन फेरे होऊ द्यायचे आणि मग धुळीची रेघ सावकाश बाहेरच्या कडेकडे सरकवत उचलायची. दाबायचं नाही. आता विचारा, मळ गेला कुठे? ब्रशवर. म्हणून प्रत्येक वेळी ब्रशही झटकायचा. हे मी बहुतेकांना करताना पाहिलेलं नाही.

कार्बनमधून वीज वाहते, हा त्याचा दुसरा गुण. विनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी घासलं की स्थिर वीज धरून ठेवतं. नाशिकची थंडी कोरडी असते. जानेवारीत सकाळी स्वेटर काढताना जो चट् चट् आवाज येतो तीच वीज रेकॉर्ड पाकिटातून उपसताना तयार होते. रेकॉर्ड मग खोलीतली धूळ लोहचुंबकासारखी ओढते, आणि सिंहस्थ जवळ आला की रस्त्यांच्या कामांमुळे आपल्याकडे धुळीला तोटा नसतो. थंडीत एकाएकी फटाफट आवाज वाढले तर रेकॉर्ड घाण झाली असं लगेच समजू नका. ब्रशचा धातूचा भाग बोटांत धरा, म्हणजे वीज तुमच्या अंगातून उतरते. थोडा फरक पडतो. पावसाळ्यात ही तक्रार आपोआप जाते आणि तिच्या जागी दुसरी येते, पण ते पुढे.

अळवावरचं पाणी

ओल्या धुण्याकडे वळू. विनाइलवर शुद्ध पाण्याचा थेंब टाकून पाहा. अळवाच्या पानावर राहतो तसा तो गोल, अलिप्त राहतो. खाचेत शिरत नाही, मळ भिजवत नाही. पाण्याचा पृष्ठताण हे त्याचं कारण. हा ताण मोडायला पाण्यात असा पदार्थ घालावा लागतो की थेंब फसकन पसरेल. साबण, डिटर्जंट हे सगळे याच कुळातले. इंग्रजीत सर्फॅक्टंट म्हणतात, आपण ओलकारक म्हणू.

मग भांडी घासायचं लिक्विड का नको? चालतं, नाही असं नाही. पण त्यात रंग असतो, लिंबाचा वास असतो, हात मऊ राहावेत म्हणून आणखी काही असतं, आणि हे सगळं खाचेत मागे उरलं तर आपणच नवा मळ घातला म्हणायचा. जुन्या रेकॉर्ड जतन करणाऱ्या संस्था बिनवासाचे, बिनरंगाचे ओलकारक वापरतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने टर्जिटॉल नावाच्या ओलकारकाची शिफारस केलेली आहे. आपल्याकडे प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्यांकडे ट्रायटन एक्स-१०० मिळतं. डार्करूमच्या जमान्यातल्या फोटोग्राफरांना कोडॅकचं फोटो-फ्लो आठवत असेल. फिल्मवर पाण्याचे डाग राहू नयेत म्हणून ते शेवटच्या धुण्यात घालत. तेही याच कामाचं.

मी ट्रायटन वापरतो. एक लिटर पाण्याला अर्धा मिली. सुई नसलेल्या १ मिलीच्या सिरिंजने मोजायचं. ते मधासारखं घट्ट असतं, म्हणून आधी वाटीभर कोमट पाण्यात हळूहळू विरघळवून मग बाटलीत. जोरात हलवलं की फेस होतो आणि तास-दोन तास बसत नाही. "थोडं जास्त घातलं तर जास्त स्वच्छ होईल" हा मोह टाळा. जास्त घातलं तर ते काढायला जास्त धुवावं लागेल, एवढंच.

पाणी कुठलं, हा प्रश्न ओलकारकापेक्षा मोठा आहे. एका रविवारी मी बाथरूमचा आरसा खाली काढून आडवा ठेवला आणि त्यावर चार थेंब टाकले: सोसायटीच्या बोअरचं, नळाचं, स्वयंपाकघरातल्या आरओचं आणि बॅटरीच्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड. संध्याकाळी बोअरच्या थेंबाच्या जागी गीझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा कडा उठला होता. नळाच्या थेंबाची फिकट रांगोळी, आरओची त्याहून फिकट. डिस्टिल्डची जागा शोधायला आरसा तिरका करून उजेडात धरावा लागला. तो पांढरा कडा म्हणजे क्षार, आणि रेकॉर्डच्या खाचेत ते उरले की सुईला प्रत्येक खडा ऐकू येतो. तेव्हा निदान शेवटचं धुणं तरी डिस्टिल्ड पाण्याचं हवंच. आणताना बाटलीवरचं वाचून घ्या. बॅटरीच्या दुकानात त्याच फळीवर आम्लाच्या बाटल्याही असतात.

अल्कोहोलबद्दल रेकॉर्डवाल्यांमध्ये कडाक्याची भांडणं आहेत. विनाइलमधले घटक त्याने निघून जातात, असं एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, मिनिटभराने काही बिघडत नाही. माझं मत मधलं आहे. बोटांचे तेलकट ठसे आणि बुरशी यांच्यासाठी, फक्त विनाइलवर, ९ भाग पाण्याला १ भाग शुद्ध आयसोप्रोपिल. मिनिटभर ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. रोजच्या धुण्यात त्याची गरज नाही. घरातला उरलेला सॅनिटायझर मात्र अजिबात वापरू नका. त्यात ग्लिसरीन असतं आणि ते चिकट थर सोडतं. खिडकी उघडी, जवळपास देवघरातली समई पेटलेली नाही, एवढं पाहा.

जुन्या बाजारातल्या चकचकीत रेकॉर्डपासूनही सावध राहा. एका विक्रेत्याने माझ्यासमोर खोबरेल तेलाचा बोळा फिरवून रेकॉर्ड "नवी" केली होती. ती धुवायला मला तीन वेळा लागल्या, आणि पाकीट तर टाकूनच द्यावं लागलं.

टब, पंप, सराफाची टाकी

आता साधनं. सगळ्यात स्वस्त म्हणजे हात, ब्रश आणि दोन मऊ मायक्रोफायबर फडकी. रेकॉर्ड आडवी ठेवायची (प्लेअरवर नाही, त्याच्या बेअरिंगवर दाब देऊ नका), मधल्या लेबलवर बरणीचं झाकण उपडं दाबून धरायचं, चमचाभर द्रावण पसरायचं, मिनिटभर थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. धुण्याचे कपडे भिजत घालतो ते उगाच नाही. मग ब्रश खाचेच्या दिशेने, गोल. बाहेरून आत असा आडवा कधीच नाही. त्यानंतर डिस्टिल्ड पाण्याची धार, रेकॉर्ड उभी धरून. शेवटी फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. मळ गेला कुठे? बराचसा धारेबरोबर गेला, थोडा फडक्यात, थोडा राहिला. सुरुवातीला एवढं पुरे.

पुढची पायरी टबाची. अमेरिकेची स्पिन-क्लीन आणि जर्मनीची नोस्टी ही यातली जुनी नावं. उभट अरुंद टबात दोन बाजूंना ब्रश, मधे रेकॉर्ड उभी, खालचा भाग पाण्यात आणि तुम्ही हाताने फिरवत राहायचं. दोन्ही बाजू एकदम धुतल्या जातात, काम भराभर होतं. मात्र पहिल्या रेकॉर्डचा मळ त्याच टबात राहतो आणि दहाव्या रेकॉर्डला त्यात आंघोळ घडते. ट्रंकेतल्या रेकॉर्डचं पाणी पाचव्यालाच पातळ चहासारखं झालं होतं. टब वापरायचा तर पाणी लवकर बदला आणि शेवटी वेगळ्या स्वच्छ पाण्यातून काढा, म्हणजे काही अडचण नाही.

खरा फरक पडतो तो पाणी ओढून घेणाऱ्या यंत्राने. ब्रिटनमधल्या कीथ माँक्स यांचं यंत्र यातलं आद्य म्हणता येईल. बीबीसीच्या रेकॉर्डसंग्रहातही ते वापरात होतं. त्याची करामत मला फार आवडते. नळीचं तोंड रेकॉर्डला टेकू नये म्हणून मधे नायलॉनचा दोरा असतो. नळी आतून बाहेर सरकत खाचेमागून खाच पाणी ओढत जाते आणि दोराही हळूहळू पुढे सरकतो, म्हणजे रेकॉर्डला लागणारा दोरा दर वेळी नवा. नंतरच्या व्हीपीआय, ओकी नोकी वगैरे यंत्रांत दोऱ्याऐवजी रेकॉर्डच्या त्रिज्येएवढी आडवी नळी असते. तिला लांबट फट आणि फटीच्या दोन्ही काठांना मखमल. एका-दोन फेऱ्यांत रेकॉर्ड कोरडी. इथे आपल्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं. मळ पाण्यात सुटला आणि पाणी वाळायच्या आत टाकीत गेला. ती टाकी पहिल्यांदा रिकामी केली की आजवर आपण काय ऐकत होतो ते कळतं.

ही यंत्रं बाहेरून मागवायची तर किंमत, वाहतूक आणि आयात शुल्क मिळून छाती दडपते. अंबडच्या एमआयडीसीत माझ्या एका मित्राचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. त्याने अर्ध्या दिवसात जुगाड करून दिला. २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, एक टोक बंद. त्याला साडेआठ-नऊ सेंटिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर रुंद फट, म्हणजे बाहेरच्या खाचेपासून लेबलच्या अलीकडेपर्यंत. फटीच्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करून दोन्ही बाजूंना मखमलीची पट्टी. मखमल मेन रोडवरच्या कापडाच्या दुकानातून आणली, दुकानदाराने "ब्लाउजपीसला का?" विचारलं आणि मी हो म्हणालो, कोण समजावत बसणार! रेकॉर्ड ठेवायला केक सजवतात ती फिरती थाळी, वर रबरी चटई. पाइपचं दुसरं टोक ओलं-कोरडं दोन्ही ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरला. ओलं-कोरडं हे शब्द नीट वाचा. घरातल्या साध्या व्हॅक्यूमने पाणी ओढायला गेलात तर मोटर जळेल, कदाचित शॉकही बसेल.

यातली खुबी दोन ठिकाणी. ओढायचं फक्त एक-दोन फेरे. रेकॉर्ड कोरडी झाल्यावरही मखमल घासत राहिली तर पुन्हा स्थिर वीज तयार होते आणि धुतलेली रेकॉर्ड धूळ ओढायला मोकळी. दुसरं म्हणजे नळ्या दोन करा. एक पहिल्या मळक्या पाण्याला, दुसरी शेवटच्या डिस्टिल्डला. एकच वापरली तर मखमलीतला मळ स्वच्छ खाचेत परत जातो. मला हे लक्षात यायला तीस रेकॉर्ड लागल्या आणि मग त्या तीसही पुन्हा धुवाव्या लागल्या.

अल्ट्रासॉनिक म्हणजे काय हे पाहायचं असेल तर सराफ बाजारात जा. सराफ नथ किंवा पैंजण एका छोट्या स्टीलच्या टाकीत सोडतो, बटण दाबतो, बारीक किणकिण ऐकू येते आणि दागिन्यातून राखाडी ढग निघतो. टाकीच्या तळाला बसवलेले स्फटिक सेकंदाला साधारण ४० हजार वेळा थरथरतात. पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि लगेच कोसळतात. प्रत्येक कोसळणारा बुडबुडा भोवतालच्या पृष्ठभागाला बारीक चापट मारतो. ब्रश जिथे जात नाही तिथे बुडबुडा जातो. रेकॉर्डसाठी खास बनवलेली यंत्रंही आहेत. एस्टोनियाचं डिग्रिटर १२० हजारांच्या कंपनांवर चालतं. कंपनं जितकी जलद तितके बुडबुडे बारीक आणि मार सौम्य.

घरी जमवायचं तर टाकी मोठी घ्यावी लागते आणि रेकॉर्ड सावकाश फिरवायला मोटर. लेबल पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. टाकी चालता चालता पाणी तापवते, त्यावर नजर हवी. ६० अंशांच्या आसपास विनाइल मऊ पडून वाकायला लागतं. मी ३५ च्या वर गेलं की बंद करून चहा पिऊन येतो. आणि सुटलेला मळ त्याच टाकीत तरंगत असतो. रेकॉर्ड वर काढताना ते पाणी तिच्यावर चढून येतं. म्हणून अल्ट्रासॉनिकनंतरही धुणं आणि ओढणं चुकत नाही. मोठ्या किमतीच्या यंत्राला नाव ठेवलं की लोकांना राग येतो, पण निव्वळ टाकीपेक्षा माझ्या पाइपचा आणि व्हॅक्यूमचा निकाल मला जास्त पटला. दोन्ही एकापाठोपाठ मिळाले तर सोन्याहून पिवळं.

गोंदाची पद्धत सांगायलाच हवी, कारण ऐकायला वेडेपणाची आणि प्रत्यक्षात चालणारी आहे. सुतार वापरतात तो पांढरा गोंद रेकॉर्डवर जाडसर, सलग पसरायचा, लेबल आणि बाहेरची कड सोडून. वाळून काचेसारखा झाला की कड उचलून अखंड सोलायचा. विनाइलला तो चिकटत नाही, मळाला चिकटतो, आणि खाचांचा ठसा घेतलेली पारदर्शक चकती हातात येते. मळ गेला कुठे? चकतीत, कायमचा. हा प्रयोग मी जुलैत केला. नाशकात आठवडाभर झड लागली होती. गोंद दोन दिवसांनीही चिकट. सोलायला गेलो तर तुकडे पडले. मग त्यावरच गोंदाचा दुसरा थर चढवून, हेअर ड्रायर न वापरता (मोह झाला होता), पंख्याखाली तीन दिवस ठेवला तेव्हा सगळं एकत्र निघालं. लाखेच्या रेकॉर्डवर हे करायचं नाही. तिथे सोलताना काय निघेल याचा भरवसा नाही.

पावसाळा, पाकिटं, सुई

जूननंतरची तक्रार म्हणजे बुरशी. विनाइल हे तिचं अन्न नाही. तिला हवं असतं कागदी पाकीट, बोटांचं तेल आणि ओल. म्हणून पांढरे ठिपके धुऊन रेकॉर्ड त्याच जुन्या पाकिटात घातली तर पुढच्या श्रावणात ते परत. आतलं पाकीट नवं घ्या, कागदाच्या आत गुळगुळीत पॉलिथीनचं अस्तर असलेलं. बाहेरचं जुनं चित्राचं कव्हर टाकायचं नाही. त्याला दुपारच्या उन्हात नव्हे, सावलीत वारा द्या. बाहेरून घालायला मऊ, वास येणारं पीव्हीसीचं प्लॅस्टिक टाळा. ते रेकॉर्डवर धुरकट डाग सोडतं. कपाट ओल येणाऱ्या भिंतीपासून चार बोटं पुढे. रेकॉर्ड उभ्या, तिरक्या नाहीत, चळत तर नाहीच.

धुतलेल्या रेकॉर्ड वाळवायला मी आजीचं ताटाळं वापरतो. स्टीलच्या गजांवर फिश टँकची रबरी नळी चिरून चढवली आहे. बारा रेकॉर्ड एका वेळी राहतात. हिने ते ताटांसाठी परत मागितलंय, वाटाघाटी चालू आहेत.

सुईकडे कुणी पाहत नाही. सराफाचं भिंग लावून पाहा, टोकाला काळपट कापसाचा गोळा दिसेल. छोटा ब्रश मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) बुंध्याकडून तुमच्याकडे; आडवा किंवा उलटा फिरवला तर सुईची काडी वाकते. घाणेरडी सुई धुतलेल्या रेकॉर्डवर पुन्हा मळ पेरत जाते.

धुऊनही आवाज गेला नाही तर घड्याळ काढा. ३३⅓ च्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. टक् असा आवाज नेमका १.८ सेकंदांनी पुन्हा पुन्हा येत असेल तर तो ओरखडा आहे, मळ नाही. ७८ ला हेच अंतर पाऊण सेकंदाच्या आसपास. कुठेही, कसाही, विस्कळीत तडतडत असेल तर पुन्हा एकदा धुऊन पाहण्यात अर्थ आहे. आणि तारस्वर चढला की आवाज फाटत असेल, विशेषतः आतल्या खाचांत, तर जुन्या जड सुयांनी भिंती झिजवल्या आहेत. त्यावर कुठलंही पाणी नाही. मामांनी ज्या रेकॉर्ड सगळ्यात जास्त वाजवल्या त्याच सगळ्यात झिजलेल्या निघाल्या. हे तर होणारच होतं.

आता प्रत्येक नव्या पाकिटाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने धुतल्याची तारीख लिहितो. ट्रंकेतल्या एकवीस रेकॉर्ड अजून बाकी आहेत, सगळ्या लाखेच्या. स्पिरिट लागलेली ती ७८ मी मामींना ऐकवली. नाण्याएवढ्या त्या डागावरून सुई जाताना प्रत्येक फेऱ्याला खर्र होतं, मग डाग संपतो आणि गाणं पुढे चालू राहतं. मामींनी विचारलं, "हे पहिल्यापासून असंच होतं का रे?" मी ताटाळ्यातली पुढची रेकॉर्ड काढायला उठलो.